बाग गहाण टाकण्याआधी त्या बोर्डावरची गावं बघ

पत्र असं आहे:

"काकू नमस्कार, मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी केमिस्ट्रीला आहे, आता टीवायला, म्हणजे शेवटच्या वर्षाला जाईन. आमचं कॉलेज मुंबई युनिव्हर्सिटीला जोडलेलं आहे. कॉलेजच्या व्हरांड्यात एक मोठा बोर्ड लावलाय, 'आपल्या विद्यापीठाचे थोर पदवीधर', त्यावर रानडे, टिळक, आंबेडकर, माशेलकर असे सगळे फोटो आहेत. रोज त्याच्यासमोरून जातो आणि वाटतं की ही सगळी मुंबई-पुण्याची मोठी माणसं, आमच्यासारख्यांचा याच्याशी काय संबंध? आमच्या लॅबमध्ये एक वजनकाटा चार जणांत असतो. काकांचा मुलगा एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत गेलाय, काका म्हणतात तूपण एमएस्सी तिकडेच कर, सरकारी युनिव्हर्सिटीच्या डिग्रीला आता कोण विचारतं. दोन वर्षांचे सगळे मिळून साडेसात-आठ लाख लागतील. बाबा हापूसची साठ कलमं गहाण टाकायला तयार झालेत. आई काही बोलत नाही पण रात्री जागी असते. मला 58 टक्के आहेत. काय करू? आणि खरं सांगा, आता या युनिव्हर्सिटीतून कोणी मोठं होतं का?"

अरे बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मी स्वतः आपल्याच जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत तीसेक वर्षं काढलीत, त्यामुळे तो वजनकाटा, ते चार जण आणि तो व्हरांडा सगळं डोळ्यासमोर आलं. आईचं रात्री जागं राहणं पण कळलं. आधी एक सांगते, बाबांना म्हण की महिनाभर कुठल्याही कागदावर सही करू नका. महिन्याने कलमं कुठे पळून जात नाहीत. आता बाकीचं बोलू.

तू म्हणतोस त्या बोर्डावर सगळी मुंबई-पुण्याची माणसं आहेत. उद्या कॉलेजला गेलास की परत बघ आणि फोटोखाली त्या माणसाचं गाव मनात लिहून बघ. मुंबई विद्यापीठ सुरू झालं 1857 ला आणि बीएची पहिली चौघांची तुकडी बाहेर पडली 1862 साली. न्यायमूर्ती रानडे त्यातलेच. त्यांच्याबरोबरचे दुसरे रामकृष्ण गोपाळ भांडारकर, आणि भांडारकरांचा जन्म मालवणचा, शिक्षण रत्नागिरीत. म्हणजे या विद्यापीठाच्या अगदी पहिल्या चार पदवीधरांत एक आपल्या मालवणचा मुलगा होता! पुढे तेच रत्नागिरी हायस्कूलचे हेडमास्तर झाले आणि त्याच विद्यापीठाचे कुलगुरूही. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा हे तुला माहितीच आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचे, शाळा दापोलीची. त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला, पहिला खंड 1930 ला आला आणि काम संपलं 1962 ला, बत्तीस वर्षं! आणि हे सगळं हायकोर्टात वकिली सांभाळून. 1963 ला भारतरत्न मिळालं. ते पण या विद्यापीठाचे कुलगुरू होते. आणि बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं, त्यांच्या बालपणातला काही काळ दापोलीत गेलाय. मग आता सांग, बोर्ड कोणाचा आहे?

पण मी नुसती तुझी छाती फुगवायला हे लिहीत नाहीये. खरं ते पण सांगायला हवं. त्या काळात आपल्या या सगळ्या पश्चिम भागात विद्यापीठ एकच होतं. नागपूरचं 1923 ला झालं, पुण्याचं 1949 ला, मराठवाड्याचं 1958 ला, कोल्हापूरचं 1962 ला. त्याच्या आधी पुण्याचा फर्ग्युसनचा मुलगा असो नाहीतर सांगलीचा, पदवी मुंबईचीच घ्यायचा, मग मोठी नावं तिथेच सापडणार, यात नवल काय. आणि अजून एक गोष्ट फार जणांना माहीत नसते, सुरुवातीची कित्येक दशकं हे विद्यापीठ स्वतः शिकवायचंच नाही, लंडनच्या धर्तीवर फक्त परीक्षा घ्यायचं आणि डिग्री द्यायचं, शिकवायची कॉलेजं. म्हणजे रानडे किंवा भांडारकर विद्यापीठाच्या नावामुळे मोठे झाले असं म्हणताच येत नाही, उलट त्यांच्यामुळे विद्यापीठाला नाव आलं. तुझे काका म्हणतात नावाला किंमत असते. असते, नाही कशाला म्हणू. पण ते नाव एकेका माणसाने काम करून उभं केलेलं असतं, आणि ते आठ लाख भरून आपल्या अंगाला चिकटत नाही.

म्हणून तू मला जो प्रश्न विचारलास तो मी जरा बदलते. कोण मोठं झालं हे बाजूला ठेव, त्यांच्या हातात नेमकं काय होतं ते बघ. मी बरीच वर्षं ही चरित्रं पोरांच्या हातात देत आलेय आणि मला दरवेळी त्याच त्याच गोष्टी दिसतात, एखादा मास्तर, कुठूनतरी आलेले थोडे पैसे आणि पुस्तकं.

बाबासाहेबांचंच घे. मॅट्रिक 1907 साली, मार्क किती, तर 750 पैकी 282. टक्केवारी तूच काढ, तुझ्या 58 च्या बरीच खाली येते. त्या समाजातला मुलगा मॅट्रिक झाला हीच त्या वेळी इतकी मोठी गोष्ट होती की सत्काराची सभा झाली, आणि त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. केळुसकर मूळचे वेंगुर्ल्याकडच्या केळूसचे, बघ परत आपलंच गाव आलं. चर्नी रोडच्या बागेत हा पोरगा रोज वाचत बसलेला असतो हे त्यांनी बघून ठेवलं होतं, ओळख त्यांनीच काढली, आणि पुढे शिकायला पैसे नाहीत म्हटल्यावर सयाजीराव गायकवाडांकडे शब्दही त्यांनीच टाकला. महिना 25 रुपये मिळायला लागले. एल्फिन्स्टनमध्ये म्युलर नावाचे प्रोफेसर होते ते आपली पुस्तकं द्यायचे. 1912 ला बीए, 1913 ला बडोद्याच्याच स्कॉलरशिपवर कोलंबिया. त्या माणसाची बुद्धी आणि कष्ट याला तोड नाही, ते मी बोलायची गरज नाही. मला दाखवायचंय ते एवढंच की बागेत वाचत बसलेल्या पोराकडे एका मास्तराचं लक्ष गेलं, कारण तो रोज तिथे होता. तू रोज कुठे दिसतोस? कुठल्या सरांना माहितीये की तुला केमिस्ट्री आवडते? मला पत्रात तू एकाही सरांचं नाव लिहिलं नाहीस, ते मला सगळ्यात जास्त खटकलं.

आणि धोंडो केशव कर्वे! मुरुडचे, दापोलीजवळचं मुरुड. सहावीच्या सरकारी परीक्षेला बसायचं होतं, केंद्र सातारला, तर हा मुलगा सोबत्यांबरोबर पावसापाण्यात कुंभार्लीचा घाट चढून चालत सातारला गेला, शंभर मैलांच्या वर वाट, आणि तिथे साहेब म्हणाले तू वयाने लहान दिसतोस, बसता येणार नाही. तसाच चालत परत. मला हे वाचताना अजून घशात आवंढा येतो. त्या दिवशी त्यांनी शिक्षण सोडलं असतं तर कोणी दोष दिला नसता. पण पुढे रत्नागिरी, मग मुंबई, 1881 ला मॅट्रिक, 1884 ला एल्फिन्स्टनमधून गणित घेऊन बीए, मग फर्ग्युसनला गणित शिकवणं, विधवांसाठी आश्रम, आणि 1916 ला मुलींसाठी स्वतंत्र विद्यापीठ, जे पुढे ठाकरसींच्या पंधरा लाखांच्या देणगीनंतर एसएनडीटी म्हणून ओळखलं जायला लागलं. एका युनिव्हर्सिटीच्या पदवीधराने दुसरी युनिव्हर्सिटी उभी केली बघ. 1958 ला, वयाच्या शंभरीला भारतरत्न. माझ्या आईसारख्या कितीतरी बायका त्यांच्या त्या कामामुळे शिकल्या, त्यामुळे त्या बोर्डावर त्यांचा फोटो नसेल तर प्राचार्यांना सांगून लावून घे, तू लिहिलेल्या नावांत मला ते दिसले नाहीत.

आता तुझ्या विषयाकडे येते, केमिस्ट्रीकडे, कारण तू म्हणशील ही सगळी जुनी आणि आर्ट्सची माणसं.

माशेलकरांचा फोटो तू रोज बघतोस. त्यांचं गाव गोव्यातलं माशेल, सिंधुदुर्ग ओलांडला की आलंच. वडील लहानपणीच गेले, आई शिवणकाम करून घर चालवायची, बारा वर्षांचे होईपर्यंत पायात चप्पल नव्हती, रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास. हायस्कूलच्या प्रवेशाला 21 रुपये हवे होते तर तेही उसने घ्यायला लागले. गिरगावच्या त्यांच्या शाळेत भावे सर होते, त्यांनी एकदा पोरांना उन्हात नेऊन भिंग कागदावर धरलं, किरण एका ठिकाणी आणल्यावर कागद पेटला, आणि तो क्षण आयुष्यभर पुरला असं माशेलकर स्वतः कितीतरी भाषणांत सांगतात. मला सांग, त्या प्रयोगाला सामान काय लागलं, एक भिंग आणि ऊन! तुमच्या लॅबमध्ये वजनकाटा एक आहे हे वाईटच आहे, त्याबद्दल प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि पोचसुद्धा घ्या, पण त्याच्यावाचून अडून बसू नकोस. अकरावीनंतर, म्हणजे तेव्हाच्या एसएससीनंतर, माशेलकरांचा नोकरी धरायचा विचार चालला होता, आईने ऐकलं नाही. टाटांच्या ट्रस्टची महिना 60 रुपयांची स्कॉलरशिप मिळाली, सहा वर्षं. मग यूडीसीटी, म्हणजे मुंबई विद्यापीठाचाच केमिकल टेक्नॉलॉजीचा विभाग, 1933 ला सुरू झालेला, मातुंग्याला आहे, आता त्याची आयसीटी नावाची वेगळी संस्था झालीये. तिथून 1966 ला डिग्री आणि 1969 ला पीएचडी, गाईड प्रोफेसर एम. एम. शर्मा. शर्मा सर स्वतः त्याच यूडीसीटीचे विद्यार्थी, केंब्रिजला पीएचडी केली आणि परत येऊन तिथेच शिकवत राहिले. भारतातल्या इंजिनियरांपैकी लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले फेलो तेच, 1990 ला, आणि आठ वर्षांनी त्यांचा विद्यार्थी माशेलकरही तिथे फेलो झाला. माशेलकर पुढे पुण्याच्या एनसीएलचे, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक, मग 1995 पासून सीएसआयआरचे, म्हणजे अशा सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थेचे महासंचालक. अमेरिकेत हळदीने जखम भरण्यावर पेटंट दिलं गेलं होतं ते सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून पुढे ठेवून 1997 ला रद्द करून घेतलं, ते त्यांच्याच काळात. आपली आजी गुडघा फुटला की हळद लावते, तर तेही लायब्ररीतल्या कागदांनी सिद्ध करायला लागलं बघ, मला लायब्ररीवालीला याचा फार अभिमान वाटतो.

त्याच यूडीसीटीतून डॉ. रेड्डीज या औषध कंपनीचे अंजी रेड्डी शिकले, मुकेश अंबानी केमिकल इंजिनियरिंग तिथेच शिकले, आणि केकी घरडा. घरडांचं नाव तुला माहीत असणार, लोटे परशुरामच्या एमआयडीसीत त्यांची कंपनी आहे. खेडजवळ लवेलला त्यांच्या नावाचं इंजिनियरिंग कॉलेज आहे, ते सुद्धा मुंबई युनिव्हर्सिटीलाच जोडलेलं. म्हणजे काण्यांच्या परशुरामच्या शेजारीच तुझ्या विषयाचे कारखाने आहेत आणि तू मला विचारतोस केमिस्ट्रीचं पुढे काय. त्या एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये या दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस नुसतं बघायला मिळतंय का विचार, कॉलेजचं पत्र घेऊन जा. दहा ठिकाणी नाही म्हणतील, अकराव्या ठिकाणी कोणीतरी आपल्याच कॉलेजचा निघतो, हा माझा अनुभव आहे.

आणि कमला सोहोनी. यांचा फोटो बोर्डावर बहुतेक नसेल, पण केमिस्ट्रीच्या पोरांनी यांना विसरून चालणारच नाही. मुंबई विद्यापीठाची बीएस्सी, 1933, पहिल्या नंबरात. बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटला अर्ज केला तर सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला. त्या ऐकल्या नाहीत, ठाण मांडलं, शेवटी एक वर्ष बघू अशा अटीवर घेतलं. तिथे श्रीनिवासय्या नावाच्या शिक्षकांच्या हाताखाली काम केलं, त्या कामावर मुंबई विद्यापीठाची एमएस्सी मिळवली, मग केंब्रिज, तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींतल्या सायटोक्रोम सी चा, म्हणजे पेशीच्या श्वसनाला लागणाऱ्या एका प्रथिनाचा शोध, आणि 1939 ला पीएचडी. विज्ञानात पीएचडी करणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय बायकांपैकी एक. परत येऊन नीरा, डाळी असल्या गरिबाच्या ताटातल्या अन्नावर संशोधन केलं आणि मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या घरात वडील आणि काका दोघेही केमिस्ट होते, हा फायदा त्यांना होता आणि तो तुला नाही, हेही मान्य करते. ज्याच्या घरात कोणी नाही त्याला मास्तर बाहेर शोधायला लागतो, त्याला जरा जास्त चालायला लागतं.

आता पैशाचं. काकांवर रागावू नकोस, त्यांना तुझं वाईट करायचं नाहीये. प्रायव्हेट सगळ्या वाईट असतात असंही मी म्हणत नाही. पण कलमं गहाण टाकण्याआधी त्या युनिव्हर्सिटीला फोन करून चार गोष्टी विचार, एमएस्सीच्या मुलाला एनएमआर, एचपीएलसी ही रसायनं तपासायची यंत्रं स्वतःच्या हाताने चालवायला मिळतात की नुसती काचेतून दाखवतात, ऑरगॅनिकला कायमचे प्राध्यापक किती आणि मागच्या तीन वर्षांत त्यांनी काय छापलंय, मागच्या दोन बॅचची मुलं नावगावासकट कुठे लागली, आणि फी दरवर्षी वाढते का. उत्तरं गोलगोल आली तर समजून जा. माझ्या ओळखीतल्या एका घराने अशीच बाग टाकली होती, मुलगा शिकला, नोकरी लागली पण पगाराचा मोठा भाग हप्त्यात जायला लागला, आणि त्या दोन वर्षांत मोहोर गळला, फवारणीचे पैसेही निघाले नाहीत, सगळा माल कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला गेला. बाग ही तुमच्या घराची एकच मिळकत आहे ना, ती जुगारात लावायची नाही. कर्ज काढायचीच वेळ आली तर शैक्षणिक कर्ज बघा, सरकारी बँकांच्या नियमांत साडेसात लाखांपर्यंत साधारण जमीन तारण मागत नाहीत, मॅनेजरने जमीन मागितली तर नियम दाखवा म्हणायचं, घाबरायचं नाही.

पण त्याच्याही आधी जॅम. आयआयटीतल्या एमएस्सीची ही परीक्षा, फेब्रुवारीत होते, फॉर्म साधारण सप्टेंबरमध्ये सुटतो, पेपर तीन तासांचा, 100 मार्कांचा, आणि टीवायला असताना देता येतो. तिच्या मार्कांवर आयआयटीत एमएस्सी मिळते आणि फी त्या आठ लाखांच्या आसपासही जात नाही. नाहीच लागला नंबर तर आपलं कलिना आहे, मुंबई विद्यापीठाचा केमिस्ट्रीचा विभाग, आणि आयसीटीतही एमएस्सी आहे. एमएस्सी झाल्यावर सीएसआयआर-नेट या परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप निघाली तर पीएचडी करताना महिना 37,000 फेलोशिप मिळते, म्हणजे शिकायचे पैसे द्यायचे सोडून घ्यायचे. बाबासाहेबांना 25, माशेलकरांना 60, तसंच हे. आणखी एक, महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या स्कॉलरशिपा, तुझ्या प्रवर्गात बसतात त्या सगळ्या बघ, दरवर्षी आपली पोरं तारीख चुकवतात, मी बघितलंय. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप असते, दोन महिने एखाद्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये, त्याचे अर्ज आधीच्या नोव्हेंबरपर्यंत जातात, तुझ्या वर्षाला लागू आहे का ते त्यांच्या साइटवर नीट वाच. आणि तुझ्या मागे एफवाय-एसवायला कोण असेल त्यांना मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या एनआययूएस या पदवीच्या पोरांसाठीच्या विज्ञान कार्यक्रमाबद्दल सांग, फुकट असतं आणि तिथे पोरं खरोखर काम करतात.

तू शेवटी विचारलंस आता कोणी मोठं होतं का. तुझ्या हातात पुढच्या फेब्रुवारीपर्यंत काही महिने आहेत, मी त्यांचंच बघेन. सोमवारी ऑरगॅनिकच्या सरांकडे जा, चहाच्या सुट्टीत नको, तास संपल्यावर, आणि म्हण की सर मला जॅम द्यायचीये, आठवड्यातून एक तास द्याल का. लाजू नकोस, शिकवणाऱ्याला असं कोणी विचारलं की त्याचा तो दिवस बरा जातो, हे मला स्टाफरूममध्ये बसून कळलंय.

सरांशी बोललास की मला कळव, आणि फिजिकल, ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक यातलं कुठे अडतं ते पण लिही. माझ्याकडे केमिस्ट्रीच्या जुन्या पुस्तकांचे दोन खोके पडून आहेत, एसटीच्या पार्सलने तुझ्या डेपोला पाठवते. आईला म्हण काकूने सांगितलंय, आज झोप.